जुन्या बुकिंग साइटचं बिऱ्हाड हलवताना

मार्च 2025 च्या अखेरीस आमच्या एका जुन्या क्लायंटला त्यांच्या होस्टिंगवाल्यांची मेल आली. 30 सप्टेंबरनंतर त्या सर्व्हरवर पीएचपी 5.6, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिली होती तिची जुनी आवृत्ती, बंद होणार. मालकांनी ती तशीच आम्हाला पुढे पाठवली, वर कोंकणीत एकच ओळ: ‘हें कितें?’, हे काय?

क्लायंट म्हणजे एका कुटुंबाची तीन हॉटेलं. एक बार्देशात किनाऱ्याजवळ, एक पणजीत, एक काणकोणात. बुकिंगची साइट 2012 च्या सुमाराची. तेव्हा कुणीतरी ती मन लावून बांधली होती, आणि नंतर जो आला त्याने आपल्यापुरता एक तुकडा जोडून दिला. पीएचपी 5.6 च्या सुरक्षा-दुरुस्त्या 31 डिसेंबर 2018 लाच थांबल्या होत्या. म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ साइट देवाच्या भरवशावर होती. पण चालत होती, आणि ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ या प्रश्नाला इतकी वर्षं कुणाकडे उत्तर नव्हतं. त्या मेलनं ते दिलं.

मी पणजीत पाटोवरच्या एका छोट्या वेब कंपनीत काम करते, राहते फोंड्यात. आमची टीम लहान: मी, डिचोलीहून येणारी एक ज्युनियर, मडगावचा टेस्टर, एक डिझायनर आणि आमचे सर, जे मॅनेजरही आहेत आणि इन्व्हर्टरचं पाणीही तेच बघतात. असली जुनी साइट ज्यांच्या गळ्यात पडली असेल त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे. कोडचा भाग त्यातला निम्मासुद्धा नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांबरोबर बसलो. पर्याय तीन होते. सगळं नव्यानं बांधायचं, एखादं तयार बुकिंग इंजिन घेऊन दर बुकिंगमागे कमिशन द्यायचं, किंवा आहे तेच नव्या सर्व्हरवर, नव्या पीएचपीवर आणायचं. नव्यानं बांधण्याचा खर्च ऐकून मालक गप्प झाले, कमिशन ऐकून उठून उभे राहिले. तिसरा पर्याय ठरला.

मग कॅलेंडर. गोव्यात हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो, त्यामुळे बुकिंगच्या साइटला हात लावायचा तो पावसात. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी 27 ऑगस्टला गोल केला: चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. तिच्या अलीकडचे दोन दिवस आणि पलीकडचा आठवडा कुणी फोन उचलणार नाही, आम्हीही नाही. म्हणून बदलाचा दिवस ठरवला मंगळवार, 16 सप्टेंबर. मंगळवार एवढ्यासाठी की काही बिघडलं तर पुढे कामाचे तीन दिवस हातात असतात. शुक्रवारी संध्याकाळी नवं काही चढवायचं नाही हा आमच्याकडचा जुना नियम आहे, आणि तो क्लायंटनं कितीही घाई केली तरी सर मोडू देत नाहीत. पगार थोडा कमी असूनही मी इथे टिकले त्याचं निम्मं कारण हा नियम आहे.

पहिला महिनाभर कोडची एक ओळ बदलली नाही. साइटच्या फायली एफटीपीनं थेट सर्व्हरवर चढवलेल्या, गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) नव्हतं. फोल्डरांची नावं ‘नवीन’, ‘नवीन2’, ‘फायनल’, ‘फायनल-खरं’. यातलं प्रत्यक्षात कुठलं चालतं ते सर्व्हरच्या लॉगवरून शोधलं. ज्युनियरला लगेच साफसफाई करायची होती, पण आम्ही सगळं जसं आहे तसं, कचऱ्यासकट, गिटमध्ये घातलं आणि पहिला कमिट, म्हणजे पहिली नोंद, केला. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगेन: आवरायला घेण्याआधी पसाऱ्याचा फोटो काढा. पुढे दोन-तीनदा ‘हे आधी असंच होतं का?’ असा वाद झाला आणि दर वेळी त्या पहिल्या कमिटनं तो मिटवला.

त्याच वेळी एक साधी स्प्रेडशीट सुरू केली. डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) कुणाच्या नावावर, पेमेंट गेटवेचं लॉगिन कुणाकडे, एसएमएसचं खातं कुठलं, मेल कुठे, प्रत्येकाचं नूतनीकरण कधी. पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये. शीटमध्ये फक्त कोणाला विचारायचं ते. अर्धे पासवर्ड पणजीच्या हॉटेलातल्या रिसेप्शनच्या डायरीत निघाले, तेही शेवटच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

त्या हॉटेलात रिझर्व्हेशन सांभाळणाऱ्या बाई वीसेक वर्षं तिथे आहेत. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसणं हे या सगळ्या कामातलं सर्वात उपयोगी काम ठरलं. कोडमध्ये एक अट होती, 107 नंबरची खोली यादीतून वगळणारी. शेजारी टिप्पणी नाही, कारण नाही. ज्युनियर म्हणाली, जुना बग असणार, काढून टाकूया. बाईंनी सांगितलं, ती खोली ऑनलाइन विकायची नसते. मालकांची बहीण जत्रेला येते तेव्हा तिला तीच लागते. असे बरेच नियम निघाले. प्रत्येक नियम आम्ही तिथल्या तिथे कारणासकट लिहून घेतला आणि तो पाळला जातो का ते आपोआप तपासणारी टेस्ट लिहिली. बाईंना भेटायचं तर सकाळी दहाच्या सुमारास, चेक-आउटची गर्दी सुरू व्हायच्या आत. आणि मालकांना दुपारी एक ते चार फोन करायचा नाही. हे कुठल्याही प्रोजेक्ट प्लॅनमध्ये नसतं, पण गोव्यात काम करायचं तर पहिल्या पानावर हवं.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. वीज जायची, फोंड्यात नेट जायचं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालायचं. त्या दिवसांत आम्ही डोमेनच्या मागे लागलो.

डोमेन पहिल्या डेव्हलपरच्या वैयक्तिक ईमेलवर होतं, आणि तो पोर्तुगीज पासपोर्ट काढून केव्हाचाच इंग्लंडला गेलेला. मालकांना वाटत होतं, तो आता अडवून धरणार. मी व्हॉट्सअॅपवर साधा मेसेज टाकला: कोण, कशासाठी, त्यानं नेमकं काय करायचं आणि त्याला किती वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वर ‘107 ची अट अजून आहे का?’ असा प्रश्न. भला माणूस. डॉट कॉम डोमेनबाबत एक खाचखळगा ध्यानात ठेवा: आधी मालकाचं नाव बदललंत तर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) नेण्यावर साठ दिवसांची बंदी लागू शकते. म्हणून आम्ही क्रम उलटा ठेवला. आधी त्यानं लॉक काढून ऑथ कोड (डोमेन हलवायची परवानगी देणारा कोड) दिला, डोमेन नव्या रजिस्ट्रारकडे हॉटेलच्या खात्यात आणलं, मग नाव बदललं. कोड टाकल्यावर पाच-सहा दिवस नुसतं ‘प्रलंबित’ दिसत राहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खर्च बाराशे रुपयांच्या आसपास, आणि त्यात मुदत वर्षानं वाढते.

जूनमध्ये आणखी एक बारीक गोष्ट. साइट सुरक्षित असल्याचं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, फुकट, पण नव्वद दिवसांचं. मुदत संपायला आली की त्यांची आठवणीची मेल यायची. 4 जून 2025 पासून त्यांनी त्या मेली बंद केल्या. जुन्या सर्व्हरवर नूतनीकरण हातानं चालायचं, त्या मेलच्या जिवावर. नव्या सर्व्हरवर ते आपोआप होतंच, तरीही वेगळी देखरेख लावली.

आता कागदपत्रं. पेमेंट गेटवेचं खातं जुनं होतं, नव्या सर्व्हरसाठी त्याची केवायसी पुन्हा करायला सांगितली. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला धनादेश, भागीदारीचा करारनामा. करारनाम्यात मालकांच्या वडिलांचं नाव, आणि ते काही वर्षांपूर्वी वारलेले. म्हणजे आधी वकिलाकडे नवा करारनामा, मग जीएसटीच्या नोंदीत बदल, मग केवायसी. यात जवळजवळ दीड महिना गेला. वेब डेव्हलपरचं हे काम नाही असं वाटत असेल तर वाटू द्या, पण त्या कागदाशिवाय ‘पैसे भरा’ हे बटण चालत नाही. शिवाय साइटवर परताव्याचे नियम, अटी आणि पत्ता असलेली पानं गेटवेवाले तपासतात. ती आधीच लिहून ठेवा.

आणि एसएमएस. भारतात व्यवसायाच्या नावानं ओटीपी किंवा बुकिंगचा मेसेज पाठवायचा तर दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी लागते. आधी संस्था, मग सहा अक्षरांचा हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, मग प्रत्येक मेसेजचा साचा. आम्हाला संस्थेच्या नोंदणीसाठी जीएसटीसकट 5,900 रुपये पडले. साचा आणि प्रत्यक्ष मेसेज तंतोतंत जुळावा लागतो. साच्यात नसलेला एक पूर्णविराम आला तरी मेसेज वाटेतच गळतो. बदलत्या मजकुराच्या प्रत्येक जागेला तीस अक्षरांची मर्यादा. मेसेजात लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. 1 ऑक्टोबर 2024 पासून न नोंदवलेल्या लिंका अडवल्या जातात. आमचे साचे एकदोनदा परत आले, कारणाच्या रकान्यात जेमतेम तीन शब्द. टेस्टरनं शेवटी मंजूर झालेल्या साच्यांचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला.

बाईंची इच्छा होती की कोल्हापूर, बेळगावहून येणाऱ्यांना मराठीत मेसेज जावा. मलाही ते हवं होतं. पण देवनागरीचा एक एसएमएस सत्तर अक्षरांचा, इंग्रजीचा एकशे साठ. इंग्रजीत एका मेसेजात बसणारा मजकूर मराठीत तीन तुकड्यांचा झाला, म्हणजे बिलही तिप्पट. मी आणि बाईंनी मिळून तो छाटला. ‘आपले आरक्षण निश्चित झाले आहे’चं ‘आरक्षण पक्के’ झालं, आणि दोन तुकड्यांत बसला. बुकिंग करताना मराठी निवडणाऱ्यांना तोच जातो.

जुलैत खरं कोड सुरू झालं. 5.6 वरून थेट 8.3 ला उडी मारायची होती. डेटाबेसशी बोलणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शनं पीएचपी 7 मध्येच काढून टाकलेली, आणि इथे ती जागोजागी. त्यांच्या जागी पीडीओ ही नवी सोय आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणली, ज्यांत डेटाबेसला द्यायची आज्ञा आणि माणसानं भरलेला मजकूर वेगवेगळे जातात. त्यात एक जुनं कोडं सुटलं. पाहुण्यांच्या यादीत तोच माणूस दोनदोनदा का दिसतो? गोव्यात डि’सोझा, डि’मेलो अशी आडनावं घरोघरी, आणि नावातल्या त्या वरच्या चिन्हानं जुनी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, मोडायची. एरर आली की रिसेप्शनवरचे लोक चिन्ह गाळून नाव पुन्हा टाकायचे, आणि नवा पाहुणा तयार व्हायचा. वर्षानुवर्षं. तक्रार कुणी केली नाही, कारण त्यांना तो कॉम्प्युटरचा स्वभाव वाटत होता. सुरक्षेच्या दृष्टीनं तीच जागा कुणालाही आत शिरायला मोकळी होती, हे मालकांना सांगताना मी आवाज जरा खाली ठेवला.

अवजारांबद्दल थोडं. रेक्टर नावाचं साधन जुनी रचना आपोआप नवी करून देतं, त्यानं कंटाळवाण्या कामाचा मोठा हिस्सा उचलला. पीएचपीस्टॅन कोड न चालवता चुका दाखवतं. ते शून्य पातळीवरून सुरू करून हळूहळू वर नेलं. पहिल्याच दिवशी वरची पातळी लावली तर हजारो चुका दिसतात आणि माणूस लॅपटॉप मिटून चहाला जातो. प्रत्येकाच्या मशीनवर तोच सर्व्हर असावा म्हणून डॉकर. एआय सहायकही वापरला, लपवण्यासारखं त्यात काही नाही. फंक्शनं बदलणं, टेस्टचे सांगाडे लिहिणं त्याला छान जमतं. 107 ची अट मात्र त्यानेही ‘अनावश्यक’ म्हणून काढायला सुचवली. आमचा ठराव असा: कोड कुणीही लिहो, ज्याच्या नावानं कमिट आहे त्याला ते ओळीओळीनं समजावता आलं पाहिजे.

रिव्ह्यूची, म्हणजे एकमेकांचं कोड तपासण्याची, पद्धत आम्ही याच कामात नीट बसवली. आधी सर एकटेच सगळं बघायचे आणि सगळं त्यांच्यापाशी तुंबायचं. आता कुणीही कुणाचंही बघतं, ज्युनियर माझंही बघते. पहिले काही दिवस ती फक्त ‘छान आहे’ लिहायची. मग सरांनी सांगितलं, प्रत्येक रिव्ह्यूत निदान एक प्रश्न विचारायचाच, बाळबोध असला तरी चालेल. तिच्या त्या प्रश्नांतून मला माझंच कोड दोनदा सोपं करावं लागलं. अवघड मतभेद असेल तर स्क्रीनवर लिहीत बसायचं नाही, खुर्ची ओढून शेजारी बसायचं. लिहिलेलं वाक्य इंग्रजीत असतं आणि रागीट वाटतं. तेच तोंडानं अर्धं मराठी अर्धं कोंकणी होतं आणि टोचत नाही. निर्णय झाला की त्याचं कारण कमिटच्या मजकुरात लिहायचं. नुसतं ‘दुरुस्त केलं’ चालणार नाही.

ऑगस्टमध्ये डेटाबेस हातात घेतला, आणि इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. जुनी टेबलं लॅटिन-1 मध्ये, म्हणजे फक्त युरोपीय अक्षरं मावणाऱ्या जुन्या संचात. वेबसाइटवरून आलेली मराठी नावं त्यात यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या मावणारा संच) चे बाइट म्हणून जशीच्या तशी साठलेली. जुन्या साइटवर ती बरोबर दिसायची, कारण घालताना आणि काढताना तीच गडबड दोनदा होऊन सरळ व्हायची. नव्या डेटाबेसमध्ये, मायएसक्यूएल 8.4 मध्ये, सगळं यूटीएफ-8 एमबी-4 (यूटीएफ-8 चंच पूर्ण रूप) हवं. यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे रकाना आधी बायनरी, म्हणजे नुसते बाइट, करायचा आणि मग नव्या संचात आणायचा. तो चाचणीच्या प्रतीवर केला. मराठी नावं लखलखीत उमटली, आणि गोन्साल्विस मोडले.

कारण रिसेप्शनचा डेस्कटॉप प्रोग्राम वेगळा होता आणि तो खऱ्या लॅटिन-1 मध्ये लिहायचा. पोर्तुगीज वळणाच्या आडनावांतलं शेपटीवालं ‘सी’, नाकातलं ‘ए’ ही अक्षरं तिथून एका बाइटची म्हणून आली होती. एकाच रकान्यात दोन प्रकारचा मजकूर, आणि कुठली ओळ कुठून आली याची नोंद नाही. शेवटी ओळीओळीनं तपासणारी स्क्रिप्ट लिहिली: बाइट वैध यूटीएफ-8 असतील तर ते तसे धरायचे, नसतील तर लॅटिन-1 समजून बदलायचे. शेपटीवाल्या ‘सी’चा एकटा बाइट, पुढे साधं इंग्रजी अक्षर, हे यूटीएफ-8 मध्ये वैध ठरूच शकत नाही, म्हणून ही परीक्षा चालते. संशयास्पद उरलेल्या नावांची यादी छापून बाईंना दिली. त्यांनी ती पेननं दुरुस्त करून परत पाठवली, समासात ‘हे वारले’, ‘हिचं आता लग्न झालं’ अशा नोंदींसह.

याच टेबलांत कार्डांचे क्रमांक साठवलेलं एक जुनं टेबलही सापडलं. दुकानदारानं किंवा हॉटेलानं ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून बंद आहे. मालकांची लेखी परवानगी घेऊन ते टेबल पुसलं, बॅकअपमधूनही. तुमच्याकडे जुनी साइट आली तर हे पहिल्या आठवड्यातच शोधा.

चवथीला घरी गेलो. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना फोन वाजला नाही, कारण सरांनी ठरल्याप्रमाणे त्या आठवड्यात काहीच चढवू दिलं नव्हतं.

परत आलो, आणि 3 सप्टेंबरच्या रात्री जीएसटी परिषदेनं दर बदलले. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 12 टक्के होते ते 5, तेही इनपुट क्रेडिटशिवाय (हॉटेलनं खरेदीवर भरलेला कर वळता करून न घेता), 22 सप्टेंबरपासून. त्याहून महाग खोल्यांना 18 तेच. ग्राहकाच्या दृष्टीनं चांगली बातमी. आमच्या दृष्टीनं, बदलाचा दिवस 16 आणि दराचा दिवस 22. जुन्या कोडात ‘1.12’ ही संख्या अनेक फायलींत विखुरलेली. नुसतं 12 शोधलं तर बारा वर्षांखालच्या मुलांची सवलतही सापडायची. टेस्टर म्हणाला, नवी साइट पुढे ढकलूया, आधी जुन्यात दर बदलू. मला वाटत होतं, जुन्याला आता हातच नको. बराच वाद झाला. सरांनी दोघांनाही विचारलं, कुठला पर्याय बिघडला तर परत फिरणं सोपं? नव्या साइटमध्ये दराचं वेगळं टेबल करायचं, त्यात ‘कधीपासून’ हा रकाना, आणि जुनी साइट तशीच बाजूला तयार ठेवायची, असं ठरलं.

मग हॉटेलचे अकाउंटंट आले आणि खरा प्रश्न त्यांनी विचारला: दिवाळीसाठी ऑगस्टमध्येच पैसे भरलेल्या लोकांचं काय? त्यांनी नियम सोपा करून सांगितला. राहणं, बिल आणि पैसे या तीन गोष्टींपैकी दोन बदलाच्या ज्या बाजूला, तो दर. पैसे आधी आले असले तरी राहणं आणि अंतिम बिल दोन्ही 22 नंतर, म्हणजे 5 टक्के. घेतलेला जास्तीचा कर हिशेबात वळवायचा. आम्ही बुकिंगच्या तारखेवरून दर काढत होतो, तो आता बिलाच्या वेळी पुन्हा काढला जातो. हे अकाउंटंटशिवाय आम्हाला कळलं नसतं. कराच्या कोडचा रिव्ह्यू प्रोग्रामर लोकांनी आपापसात करून भागत नाही.

16 सप्टेंबर. दोन-तीन दिवस आधी डीएनएसचा (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं ते सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, 300 सेकंदांवर आणला होता, म्हणजे पत्ता बदलला की जग पाच-दहा मिनिटांत नव्या घरी येतं. सकाळी सहाला साइट ‘थोडा वेळ बंद’ केली, डेटाबेस हलवला, टेस्टरनं त्याची यादी चालवली, साडेसातला पत्ता बदलला. मेलचे रेकॉर्ड तसेच ठेवले. साइट आणि मेल एकाच दिवशी हलवू नयेत. नऊला पहिलं खरं बुकिंग आलं, पुण्याहून.

साडेदहाला बाईंचा फोन, टेस्टरला: ‘जुन्या विंगांतल्यो कुडी दिसनात!’

जुन्या विंगमधल्या खोल्या यादीतून गायब. ऑफिसात कुणी ‘हे कुणी केलं’ विचारलं नाही. टेस्टर बाईंशी बोलत राहिला, ज्युनियरनं लॉग उघडले, मी कोड. पीएचपी 8 मध्ये शून्य आणि रिकामा मजकूर यांची तुलना बदलली आहे. पूर्वी दोन्ही समान धरले जायचे, आता नाही. जुन्या विंगच्या खोल्यांचा ‘स्थिती’ रकाना शून्य नव्हता, नुसता रिकामा होता. इतकी वर्षं रिकामा म्हणजे शून्य म्हणजे उपलब्ध, असं चाललं होतं. चाचणीच्या डेटात तो रकाना भरलेला, म्हणून तिथे दिसलं नाही. ज्युनियरला हे माझ्याआधी सापडलं. अकराला दुरुस्ती वर होती. संध्याकाळी आम्ही अर्धं पान लिहिलं: काय झालं, कसं कळलं, पुढे काय तपासायचं. त्यात नावं नाहीत, ही पद्धत आहे.

पुढच्या आठवड्यात दोन किरकोळ गोष्टी. बुकिंगच्या मेली स्पॅममध्ये जात होत्या, नव्या सर्व्हरचा पत्ता एसपीएफमध्ये (आपल्या नावानं मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत) घालून डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लावल्यावर थांबलं. आणि मध्यरात्रीचा हिशेब पहाटे साडेपाचला चालायचा, कारण नवा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, होता. वेळ कोलकात्याची केली. 22 ला, घटस्थापनेच्या सकाळी, दर आपोआप बदलला. अकाउंटंटनी पाचसहा बिलं हातानं तपासली आणि ‘ठीक’ एवढंच लिहून पाठवलं. त्यांच्याकडून ते कौतुक आहे.

खर्चाचं बोलायचं तर नवा सर्व्हर महिन्याला दीड हजाराच्या घरात, जुनं होस्टिंग वर्षाला चार हजार होतं. हा फरक मालकांना आधीच, लेखी सांगून ठेवला होता, तरी पहिलं बिल आलं तेव्हा फोन आला. पीएचपी 8.3 ला सुरक्षा-दुरुस्त्या 31 डिसेंबर 2027 पर्यंत मिळतील. ती तारीख आम्ही शीटमध्ये घातली, आणि रिसेप्शनच्या डायरीतही लिहून दिली. आता वर्षाच्या देखभालीचा करार करायचं मालकांनी मान्य केलं आहे. रकमेवर सर आणि ते अजून बोलत आहेत, दुपारी चारनंतर.